उलटगणतीचे अखेरचे तास

राकेश शर्मा ३ एप्रिल १९८४ रोजी ‘सोयुझ टी-११’मधून अवकाशात गेले, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्यांचे सहप्रवासी गेन्नादी स्त्रेकालोव्ह यांच्याविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. जेमतेम सहा महिन्यांपूर्वी, २६ सप्टेंबर १९८३ रोजी, बैकानूरच्या तळावर उड्डाणाला सुमारे दीड मिनिट उरले असताना त्यांच्या अग्निबाणाला आग लागली होती. तारा जळून गेल्याने सुटकेच्या यंत्रणेला बिनतारी आज्ञा द्यावी लागली. अंतराळवीरांची कुपी वर खेचली गेली आणि काही सेकंदांतच खाली स्फोट झाला. स्त्रेकालोव्ह व व्लादिमीर तितोव्ह सुमारे चार किलोमीटरवर सुखरूप उतरले. त्यानंतर हाच गृहस्थ पुन्हा उलटगणती ऐकत बसला, याला काय म्हणावे!

माणसे आत असताना काही बिघडले तर काय, हीच अखेरच्या तासांतली खरी चिंता. सोयुझ, अपोलो आणि अमेरिकी शटल यांत इंधन आधी भरत व अंतराळवीर नंतर चढत. ‘फाल्कन ९’ने हा क्रम उलटा केला. त्यातील द्रवरूप ऑक्सिजन अतिशीत असतो. तो लवकर तापू नये म्हणून अगदी शेवटी भरतात. २०१६ मध्ये असाच एक अग्निबाण तळावर इंधन भरतानाच फुटला (त्यात माणसे नव्हती), तेव्हा या पद्धतीवर बराच वाद झाला होता.

शुभांशू शुक्ला २५ जून २०२५ रोजी याच पद्धतीने गेले. त्याआधी त्याच महिन्यात ऑक्सिजनची गळती आढळल्याने उड्डाण पुढे ढकलले गेले होते. या यानात अंतराळवीर सुमारे अडीच तास आधी आसनांवर बसतात. पोशाखातून हवा गळते का, हे पाहिले जाते. मग दार बंद होते आणि त्याचीही तीच तपासणी. साधारण चाळीस मिनिटे उरली की ये-जा करण्याचा पूल बाजूला सरतो, सुटकेची यंत्रणा सज्ज होते, आणि त्यानंतरच इंधन भरू लागतात. शेवटच्या तीन सेकंदांत इंजिने पेटतात. संगणकाला शंका आली तर ती तेव्हाही विझवता येतात.

गगनयानाला ही सवलत नाही. त्याचे दोन घनइंधन बूस्टर, ज्यांची आवरणे पुणे जिल्ह्यातील वालचंदनगरच्या कारखान्यात घडतात, एकदा पेटले की विझत नाहीत. म्हणून जो काही निर्णय घ्यायचा तो शून्यापूर्वीच.

त्याची छोटी रंगीत तालीम २१ ऑक्टोबर २०२३ रोजी श्रीहरिकोट्याला झाली. निर्मनुष्य कुपीच्या चाचणीत, द्रवइंधनाच्या अग्निबाणावर, पाच सेकंद उरले असताना संगणकाने उलटगणती थांबवली. दोष शोधून दुरुस्त केला गेला आणि सकाळी दहाला उड्डाण झाले. सुटकेच्या यंत्रणेने कुपी वेगळी केली. ती बंगालच्या उपसागरात उतरली आणि नौदलाने बाहेर काढली.