फांद्या, फ्लायव्हील आणि आपले हात

गेल्या काही वर्षांत आपल्यातल्या बऱ्याच कुटुंबांनी शहरापासून थोडे लांब, चार-सहा एकरांच्या जागा घेतल्या. घराबरोबर झाडी आली, झाडीबरोबर पडझड आली आणि पडझडीबरोबर ट्रॅक्टर आला. आम्ही पिट्सबर्गच्या उत्तरेला राहतो, तिथे ही पडझड जरा जास्तच, कारण अ‍ॅशची झाडे. एमराल्ड अ‍ॅश बोरर नावाचा हिरवा चकचकीत किडा अमेरिकेत प्रथम ओळखला गेला तो २००२ साली, मिशिगनमध्ये. पेनसिल्व्हेनियात तो २००७ साली सापडला, आणि तोही आमच्याच बटलर काउंटीत. त्याच्या अळ्या सालीखालचा थर पोखरतात, झाडाचे अन्नपाणी तुटते आणि काही वर्षांत झाड उभ्या उभ्या वाळते. आमच्या जागेत अशी वीसेक झाडे होती. वाळलेला अ‍ॅश फार ठिसूळ, कधी फांदी टाकील याचा नेम नाही. म्हणून झाडे पाडण्याचे काम धंदेवाईक माणसांना दिले. फांद्यांचा ढीग मात्र आमच्याकडेच राहिला. तो जाळला तर शेजाऱ्यांना धूर, ठेवला तर उंदीर-सापांना घर. शेवटी ट्रॅक्टरच्या मागे जोडायचा वुड चिपर घेतला.

मंडळाच्या कार्यक्रमांत हा विषय निघाला की प्रश्न बहुधा दोनच येतात: केवढ्याला पडला, आणि किती जाड फांदी खातो? दोन्ही रास्त आहेत. पण माझ्या मते तिसरा प्रश्न त्यांच्या आधी विचारायला हवा: बंद केल्यावर तो थांबायला किती वेळ घेतो? हे यंत्र जोडण्याचे आणि वापरण्याचे जवळजवळ सगळे नियम या एका प्रश्नाच्या उत्तरातून निघतात.

ज्यांचे बालपण गावाकडे गेले त्यांनी कडबा कुट्टीचे यंत्र पाहिले असेल. जड चाक, चाकाला पाती, समोर स्थिर धार, आणि मधे सरकणारा कडबा. चिपर हा त्याचाच थोरला भाऊ. मधल्या आकाराच्या चिपरमध्ये २५ इंच व्यासाची, ८० किलोची भरीव तबकडी आहे असे धरू. ट्रॅक्टरच्या मागच्या पी.टी.ओ.चा दांडा मिनिटाला ५४० फेरे फिरतो, म्हणजे सेकंदाला ९. तबकडी थेट त्याच वेगाने फिरत असेल तर तिच्यात साधारण ६४०० ज्यूल ऊर्जा साठते. ८० किलोचा माणूस ८ मीटर उंचीवरून खाली पडताना जेवढी ऊर्जा होते, तेवढी ही.

हा साठा कशासाठी? तबकडीला चार पाती असतील तर सेकंदाला ३६ काप होतात. एका कापाच्या वेळात २० अश्वशक्तीचा पी.टी.ओ. सुमारे ४०० ज्यूल पुरवतो, चाकात मात्र त्याच्या पंधरापट शिल्लक असते. म्हणूनच लहान ट्रॅक्टर मनगटाहून जाड फांदीही सहज कापतो. इंजिन हळूहळू जमा करते आणि चाक एकदम खर्च करते. पण ही शिल्लक वेगाच्या वर्गावर ठरते. वेग निम्मा झाला की उरते फक्त चौथाई. तेव्हा आवाज खाली आला की पुढची फांदी हातातच ठेवावी आणि चाकाला दम खाऊ द्यावा.

आता जोडणी. ट्रॅक्टरच्या मागे तीन बिंदूंवर अवजार अडकवण्याची पद्धत हॅरी फर्ग्युसनने विकसित केली आणि १९३९ सालच्या फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टरमुळे ती सर्वत्र पसरली. सपाट जागा निवडावी. आधी खालचे दोन हात, मग वरचा, आणि प्रत्येक खिळीला तिची चाप. बाजूच्या साखळ्या किंवा दांडे आवळून चिपर डावी-उजवीकडे हलणार नाही हे पाहावे. पी.टी.ओ.चा दांडा शेवटी, आणि तोही इंजिन बंद करून, किल्ली खिशात घालून.

नव्या चिपरबरोबर येणारा दांडा बहुतेक वेळा लांब असतो आणि तो आपल्या ट्रॅक्टरच्या मापाने कापावा लागतो. एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्यांचा हा दांडा असतो. त्याचे दोन भाग वेगळे करून एक ट्रॅक्टरला आणि एक चिपरला लावावा, दोन्ही शेजारी शेजारी धरावेत आणि मग हिच वर-खाली करून पाहावी. दोन टोके जिथे सर्वांत जवळ येतात तिथेही नळीला सरकायला इंचभर जागा राहिली पाहिजे. नाहीतर दांडा ट्रॅक्टरच्या आणि चिपरच्या बेअरिंगवर पाचरीसारखा दाबतो. जिथे टोके सर्वांत लांब जातात तिथे नळ्यांचा निदान एक-तृतीयांश भाग एकमेकींत राहायला हवा. दोन्ही नळ्या आणि त्यांवरची प्लॅस्टिकची आवरणे सारख्याच मापाने कापावीत, कडा कानशीने घासाव्यात आणि ग्रीस लावावे. अंतिम शब्द अर्थातच त्या यंत्राच्या पुस्तिकेचा.

दांड्याच्या दोन्ही टोकांना युनिव्हर्सल जॉइंट असतो. असा सांधा कोनात फिरतो तेव्हा एका बाजूला वेग स्थिर असला तरी दुसऱ्या बाजूचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाढतो आणि दोनदा घटतो. दुसऱ्या टोकाचा सांधा हा चढउतार पुसून टाकतो, पण दोन अटींवर: दोन्हीकडचे कोन सारखे हवेत आणि मधल्या नळ्यांचे दोन चिमटे एका रेषेत हवेत. म्हणून चिपर जमिनीला समांतर ठेवावा आणि दांडा होईल तेवढा सरळ. यंत्र थरथरत असेल तर आधी इथे पाहावे.

दांड्याच्या एका टोकाला बहुधा शिअर बोल्ट असतो. चाक अडकले तर तो तुटून ट्रॅक्टर वाचावा, यासाठी तो मुद्दाम कमी ताकदीचा ठेवलेला असतो. आपल्या लहानपणी घरोघरी चिनी मातीचे फ्यूज असत, आणि सारखा उडतो म्हणून त्यात जाड तार घालणारा एक हुशार काका प्रत्येक वाड्यात असे. शिअर बोल्टच्या जागी कडक पोलादाचा बोल्ट घालणारे त्याच काकांचे वारस. पुस्तिकेत सांगितलेल्याच दर्जाचे चार-पाच बोल्ट डबीत ठेवावेत.

जुना ट्रॅक्टर असेल तर आणखी एक गोष्ट. फोर्ड ८एनसारख्या जुन्या ट्रॅक्टरांत पी.टी.ओ. गिअरबॉक्समार्फत चालतो. क्लच दाबला की इंजिन सुटते, पण चिपरचे चाक उलट ट्रॅक्टरची चाके फिरवत राहते आणि ट्रॅक्टर पुढे जातो. त्यासाठी ओव्हररनिंग क्लच नावाचा एकाच दिशेने जोर देणारा जोड मिळतो. तो बसवल्याशिवाय अशा ट्रॅक्टरला चिपर जोडू नये.

चालवताना पार्किंग ब्रेक लावावा, तोंड वाऱ्याकडे पाठ करून ढलप्या टाकील असे ठेवावे, कमी वेगावर पी.टी.ओ. जोडावा आणि मग हळूहळू ५४० च्या खुणेपर्यंत न्यावे. फांदीचे जाड टोक आधी घालावे. स्वतः तोंडासमोर न उभे राहता बाजूला राहावे आणि फांदीने पकड घेतली की लगेच सोडून द्यावी. प्रत्येक पाते ६ मिलिमीटरचा काप घेत असेल तर फांदी सेकंदाला आठ-नऊ इंच आत जाते. तिच्या एखाद्या डहाळीत बाही अडकली तर विचार करायला वेळ उरत नाही. दांड्याचे गणित याहून कठीण. तीन इंच जाडीचा दांडा सेकंदाला ९ फेरे घेतो, म्हणजे सात फूट कापड गुंडाळतो. ओढणी, मफलर, लोंबत्या दोऱ्यांचा स्वेटशर्ट, रुंद मनगटाचे हातमोजे यांतले काहीही नको. गॉगल आणि कानांवर मफ्स हवेतच. शेवटचे तुकडे लाकडाच्या लांब काठीने ढकलावेत. हाताने, पायाने किंवा लोखंडी दाताळ्याने कधीही नाही.

काय घालू नये तेही सांगतो. माती लागलेली मुळे आणि खिळे असलेली लाकडे पात्यांची धार घालवतात. पण सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पॉयझन आयव्ही. अ‍ॅशच्या बुंध्यांवर ही वेल केसाळ दोरखंडासारखी चढलेली असते आणि पाने झडल्यावरही तिचा चीक तसाच राहतो. ती आपल्या बिब्ब्याच्याच कुळातली. बिबा उतल्यावर अंगाचे काय होते हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना जास्त सांगायला नको. चिपरमधून हाच चीक बारीक होऊन अंगावर आणि श्वासात जातो. ज्या लाकडावर ही वेल आहे ते बाजूला काढावे, आणि जाळू तर अजिबात नये.

आता त्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. पी.टी.ओ. बंद केला, इंजिन बंद केले, आवाज थांबला. तरी आत ते ८० किलोचे चाक निःशब्द फिरत असते. तोंडात एखादी फांदी अडकलेली दिसते आणि शांतता असल्यामुळे हात आपोआप पुढे जातो. भारतात मळणी यंत्रांत हात गमावणाऱ्यांची संख्या इतकी वाढली की १९८३ साली धोकादायक यंत्रांसाठी वेगळा कायदा करावा लागला. ती बहुतेक माणसे जन्मभर शेती केलेली होती, यंत्रांशी अनोळखी नव्हती. आपण तर आठवड्याचे पाच दिवस कीबोर्डसमोर बसणारे लोक.

आमचा मुलगा सोळा वर्षांचा आहे आणि त्याला हे यंत्र चालवायचे आहे. त्याला मी फांद्या ओढून आणायला देतो. चिपरमध्ये घालायला अजून दिलेल्या नाहीत. घरात नियम असा आहे की झाकण उघडण्याआधी किल्ली माझ्या खिशात, दांडा थांबलेला डोळ्यांनी पाहिलेला, आणि चाकाची कुलूपखिळी बसवलेली. पाती उलटवायची किंवा ऐरणीशी त्यांचे अंतर तपासायचे असेल तर दांडाही काढून ठेवलेला. काम चालू असताना दुसरे मोठे माणूस नजरेच्या टप्प्यात हवेच, पण यंत्रापासून दूर.

ढलप्यांचा उपयोग पुष्कळ. झाडांखाली तीन इंचांचा थर द्यावा, बुंध्याला मात्र चिकटवू नये, नाहीतर साल कुजते. आमच्या वांग्या-टोमॅटोच्या वाफ्यांमधल्या पायवाटा आता यांच्याच आहेत.

कोणी चिपर घेण्याच्या विचारात असेल तर आधी एखाद्या ओळखीच्यांकडे तो चालताना पाहावा. काम संपून इंजिन बंद झाले की घड्याळ लावावे आणि चाक पूर्ण थांबेपर्यंत तिथेच, चार पावले लांब, उभे राहावे. किती सेकंद लागले ते लक्षात ठेवावे आणि मगच किंमत विचारावी.