घर घेतांना हक्क कसा पडताळावा?

बैल घेतांना आपण त्याचे दांत मोजतों, खूर पाहतों, चार पावलें चालवूनही पाहतों. घर घेतांना मात्र भिंती व कौलें पाहिलीं कीं पुष्कळांचें समाधान होतें. वास्तविक घराचा मोठा दोष भिंतींत नसून कागदांत असतो. आणि तो बहुधा पैसे देऊन झाल्यावर, कधीं कधीं पुढच्या पिढींत, उघडा पडतो.

या भयावर अमेरिकेंत एक तोड निघाली. पेन्सिल्व्हानिया प्रांतांत एका खरेदीदाराचें दडलेल्या बोजामुळें नुकसान झालें. कागद तपासणारानें वकिलाच्या मतावर विसंबून प्रामाणिकपणें काम केलें होतें, म्हणून १८६८ सालच्या निकालानें त्याजकडून भरपाई मिळाली नाहीं. पुढें १८७४ त तेथें कायदा झाला व १८७६ त फिलाडेल्फिया शहरीं हक्काचा विमा उतरणारी कंपनी निघाली. यासच ‘टायटल इन्शुअरन्स’ म्हणतात. याचा हप्ता एकदांच भरावयाचा असतो. आयुर्विमा पुढें येणाऱ्या संकटाचा; हा विमा मागें घडून गेलेल्या, पण दडून राहिलेल्या दोषाचा: खोटी सही, लपलेला वारस, न फिटलेलें गहाण. मात्र घेणारास आधीं ठाऊक असलेला दोष त्यांत येत नाहीं. आणि विमा पैसे देतो, गेलेलें घर परत देत नाहीं.

आपल्या देशांत २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याच्या १६ व्या कलमांत अशा विम्याची तरतूद आहे; पण ती इमारती बांधून विकणाऱ्या विकासकांसाठीं, व शासन अधिसूचित करील त्याप्रमाणें. एका गृहस्थानें दुसऱ्यास विकलेल्या खेड्यांतील घरास ती लागू नाहीं. तेव्हां सुरगाण्याकडे आपली चौकशी हाच आपला विमा.

ही चौकशी कां हवी? दक्षिण ऑस्ट्रेलियांत १८५८ पासून सरकारी नोंदवहींतील नांव हाच मालकीचा पुरावा ठरला. आपल्याकडे तसें नाहीं. येथें दस्ताची नोंदणी होते, हक्काची हमी मिळत नाहीं. ७/१२ वरील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच खरी मानावयाची, असें जमीन महसूल संहितेचें १५७ वें कलम सांगतें. फेरफारानें मालकी उत्पन्न होत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानेंही १९९६ सालीं सांगितलें आहे. ग्रामपंचायतीचा नमुना ८ तर केवळ घरपट्टीचा कागद. महसूल दप्तरांत आयुष्य काढलेल्या मनुष्यानेंही हें सांगितलेंच पाहिजे.

सुरगाणा संस्थान १९४८ सालीं विलीन झालें. आज हा सबंध तालुका अनुसूचित क्षेत्रांत आहे. गांवठाणाबाहेरील घर पुष्कळदां शेतजमिनीवर उभें असतें. म्हणून आधीं खालची जमीन पाहावी. संहितेच्या ३६ व ३६ अ कलमांप्रमाणें आदिवासी भोगवटादाराची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीवांचून हस्तांतरित होत नाहीं. घेणारा बिगरआदिवासी असल्यास खरेदीस शासनाची पूर्वसंमतीही लागते. १९७५ च्या १४ व्या अधिनियमानें तर १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळांत बिगरआदिवासींकडे गेलेल्या जमिनीही परत देण्याची तरतूद केली. २००६ च्या वनहक्क कायद्यानें मिळालेली जमीन वारसांस जाते, पण विकतां येत नाहीं. अशा जमिनीवर शंभर रुपयांच्या कागदावर केलेला ‘सौदा’ घेणारास घर देत नाहीं आणि विकणाऱ्या कुटुंबास मात्र कोर्टकचेरींत ओढतो.

चौकशीचा क्रम सोपा आहे. इसार देण्यापूर्वीं ७/१२, ८ अ व निदान तीस वर्षांचे फेरफार काढावे. प्रत्येक फेरफारांत मालकी कशी आली, तें पाहावें. मयताच्या वारसांत मुलींचीं वा विधवेचीं नांवें गळलीं आहेत काय, हें गांवांत विचारावें. ‘इतर हक्क’ या रकान्यांत सोसायटीचा वा बँकेचा बोजा, कूळ किंवा शर्त आहे काय, तें वाचावें. भोगवटादार वर्ग २ असें लिहिलेलें दिसल्यास परवानगीवांचून पुढें जाऊं नये. दुय्यम निबंधकाच्या कचेरींत सूची क्रमांक २ चा शोध घ्यावा. गांवठाणांत २०२० पासूनच्या स्वामित्व योजनेची मोजणी झाली असल्यास मिळकत पत्रिका मागावी. प्रत्यक्ष जागेवर जाऊन राहणारा कोण, वहिवाट कोणाची व चतुःसीमा जुळतात कीं नाहीं, हें पाहावें. शेवटीं वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस द्यावी.

विकणारानेंही हें आपलें काम समजावें. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या ५५ व्या कलमाप्रमाणें आपणांस ठाऊक असलेला हक्कांतील दोष सांगणें त्याचें कर्तव्य आहे. तो लपविणें कायदा लबाडी मानतो. वारसनोंद वेळेवर करून व फिटलेल्या कर्जाचा बोजा कमी करून ठेवणाराचें घर चांगल्या किंमतीस जातें.

नकला व शोध यांस लागणारा खर्च घराच्या किंमतीपुढें अल्प आहे. तो वांचविण्यासाठीं घाईनें इसार देऊं नये. आणि विकणारा कागद दाखविण्यास कांकूं करूं लागल्यास पैसे कनवटीस ठेवून घरीं परतावें.