गळा गायकाचा, गल्ला कोणाचा?

अहमदपूरहून नांदेडकडे जाताना लोहा तालुक्यात माळेगाव लागते. तेथे खंडोबाच्या यात्रेत वाघ्या-मुरळी गातात आणि ऐकणारा आपल्या हाताने गाणाऱ्याच्या हातावर पैसे ठेवतो. हा व्यवहार किती सरळ! परंतु आपले गाणे ध्वनिमुद्रित करू पाहणाऱ्या स्वतंत्र गायकापुढे आज पेच आहे: ते स्पॉटिफाय, जिओसावन यांसारख्या स्ट्रीमिंग कंपन्यांकडे सोपवावे, की रसिकांना स्वतःच विकावे?

कंपन्यांचा उपयोग आम्ही नाकारीत नाही. पूर्वी ध्वनिमुद्रिकेसाठी मुंबईचे उंबरठे झिजवावे लागत. आता खेड्यातील गाणेही सातासमुद्रापलीकडे पोचते. पण प्रसिद्धी म्हणजे प्राप्ती नव्हे. स्पॉटिफायवर वर्गणीदाराचा पैसा त्याने ऐकलेल्या गायकालाच मिळतो असे नाही. सर्व रक्कम एकत्र करून एकूण ऐकण्याच्या प्रमाणात तिची वाटणी होते. ज्याची गाणी कोट्यवधी वेळा वाजतात त्याचे ताट भरते, लहान गायकाच्या वाट्याला शितेही येत नाहीत. त्यातच २०२४ पासून, मागील बारा महिन्यांत हजार वेळा न वाजलेल्या ध्वनिमुद्रणाला या कंपनीकडून मानधनच मिळत नाही.

थेट विक्रीची वाट आपल्याला नवी नाही. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आंबेडकरी गीतांच्या पुस्तिका आणि कॅसेटी वर्षानुवर्षे विकल्या गेल्या. २००३ साली शुभा मुद्गल व अनीश प्रधान यांनी 'अंडरस्कोर रेकॉर्ड्‌स' स्थापून संकेतस्थळावरून संगीत विकण्याचा प्रयोग केला. 'बँडकॅम्प' ही परदेशी पेढी डिजिटल विक्रीवर साधारण १५ टक्के दलाली घेते. पैसे चुकते करण्याचा खर्च वजा जाता उरलेली रक्कम कलावंताची. मात्र येथे हिशेब ठेवणे आणि गिऱ्हाईक शोधणे हे ओझे गायकाच्याच शिरावर पडते, हेही विसरता कामा नये.

आमचे मत स्पष्ट आहे. ओळख व्हावी म्हणून दोन-चार गीते कंपन्यांना जरूर द्यावीत; परंतु संपूर्ण संग्रह, त्याचे हक्क आणि रसिकांचा पत्ता गायकाने आपल्याजवळच ठेवावा. ऐकणाऱ्याचे नावच ज्याला ठाऊक नाही, तो पुढचे गाणे विकणार कोणाला?

आणि आपण सुशिक्षित रसिक? चहाच्या पेल्याचे दहा रुपये आपण मुकाट्याने मोजतो, मग गाणेच तेवढे फुकट का हवे? माळेगावच्या यात्रेतील अडाणी म्हणविला जाणारा श्रोता गाणाऱ्याचे देणे तेथल्या तेथे फेडतो. आपल्याकडून निदान तेवढे तरी व्हावे.