उरलेला डोंगर : अंजनेरी-ब्रह्मगिरीची रांग

मंडळी, सातपूरहून त्र्यंबक रस्त्याला लागलं की पुढे डाव्या हाताला अंजनेरी दिसू लागतो, त्याच्याही पलीकडे ब्रह्मगिरी. आपण समजतो, हे डोंगर जमिनीतून वर आले. हिमालयाचं तसं आहे. तो घड्या पडून वर उचलला गेला. इथं मात्र उलटं घडलंय.

सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थिजला, पुन्हा वाहिला. थरावर थर साचून पठार झालं. मग पावसानं, ओढ्यांनी ते कोरलं. मधलं वाहून गेलं. जे उरलं त्याला आपण डोंगर म्हणतो. म्हणून सुमारे 1,280 मीटर उंचीचा अंजनेरी चढून गेलं, तर वर सुळका नाही, मोकळं पठार लागतं.

कड्यांना पायऱ्या का, तर घट्ट बेसॉल्ट उभा तुटतो, त्याचा कडा होतो. सच्छिद्र थर लवकर झिजतो, त्याचा उतार होतो. 'डेक्कन ट्रॅप'मधला 'ट्रॅप' हा शब्दही मूळचा जिन्यासाठीच्या स्वीडिश शब्दावरून आला बरं का.

आता पाणी बघा. पाऊस भेगांतून झिरपतो, खालच्या घट्ट थरावर किंवा दोन थरांमधल्या भाजलेल्या लाल मातीवर अडतो आणि आडवा सरकून झऱ्यातून बाहेर पडतो. याच रांगेत गोदावरी उगम पावते. अरबी समुद्र जेमतेम 80 किलोमीटरवर, पण ती त्याच्याकडे पाठ फिरवून 1,465 किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. शेजारची वैतरणा मात्र पश्चिमेला उतरते.

तत्त्वज्ञान शिकवताना आम्ही 'मिलिंदपञ्हा'तला रथ घ्यायचो. चाक म्हणजे रथ नाही, आस म्हणजे रथ नाही. मग रथ कशाला म्हणायचं? नाशिकच्या आसपासच्या टेकड्यांना खाणी लागल्या, तेव्हा हा प्रश्न पुस्तकात राहिला नाही. किती दगड काढल्यावर टेकडी संपते?

खडी आपल्या सगळ्यांनाच लागते. आम्हीही तिच्याच घरात राहतो. पण थर तुटला की पाण्याची वाट तुटते. टेकडी डोळ्यांना दिसत असते आणि झरा केव्हाच आटलेला असतो. तेव्हा दगड किती निघेल हे मोजण्याआधी, या टेकडीच्या पायथ्याशी कोण पाणी भरतं, एवढं तरी आपण विचारलं पाहिजे. नवा लाव्हा काही आता येणार नाही.