तुटून पुन्हा जुळणारी जाळी

मुले डिंकात टाकणखाराचे पाणी घालून स्लाइम करतात. तो गोळा हळू ओढला तर लांबच लांब ताणला जातो, झटका दिला की तुटतो आणि तुकडे एकमेकांना लावून ठेवले तर पुन्हा एकजीव होतो. डिंकातल्या पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच्या लांब साखळ्यांना टाकणखारातले बोरेट जागोजागी जोडते. पण हे बंध सतत सुटतात आणि जवळ सापडेल त्या साखळीला धरतात. हळू ओढताना त्यांना जागा बदलायला वेळ मिळतो, झटक्यात मिळत नाही.

वैद्यकीय हायड्रोजेल बनवणाऱ्यांना असेच बंध हवे आहेत. हायड्रोजेल म्हणजे रेणूंच्या जाळ्यात धरून ठेवलेले पाणी. जाळे कायमच्या बंधांनी विणले, तर सुईतून रेटताना त्याचा चुरा होतो. बंध सुटणारे असले, की दाबाखाली ते वाहते आणि आत पोहोचल्यावर पुन्हा घट्ट होते.

बोरेटमधल्या बोरॉनचे काही बंध ग्लुकोजलाही धरतात. म्हणूनच रक्तातली साखर वाढली की सैल पडून इन्सुलिन सोडणाऱ्या जेलवर अनेक प्रयोगशाळांत काम चालू आहे.

पेशींनाही हा सैलपणा मानवतो. हार्वर्डमधील डेव्हिड मूनी यांच्या गटाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग त्यासाठी मुद्दाम पाहावा. त्यांनी अल्जिनेटची जेल घेतली. (कवळीचे माप घेताना दंतवैद्य तोंडात जो लगदा धरतात, तोही बहुधा अल्जिनेटचाच.) सुरुवातीचा कडकपणा सारखाच ठेवला, फरक इतकाच, की काहींमध्ये दिलेला ताण मिनिटभरात ओसरू लागे, तर काहींना तासाच्या आसपास लागे. लवकर सैलावणाऱ्या जेलमध्ये उंदराच्या मूळपेशी पसरल्या, वाढल्या आणि पुरेशा कडक जेलमध्ये हाडासारखे खनिजयुक्त द्रव्य बनवू लागल्या. ताण धरून ठेवणाऱ्या जेलमध्ये त्या गोल होऊन अडकून पडल्या. पेशीभोवतीचा पदार्थ किती कडक आहे, एवढेच मोजणे पुरेसे नाही, हे या प्रयोगाने स्पष्ट दाखवले.

स्वतःहून जमणारे एक जेल तर रुग्णालयांत पोहोचले आहे. एमआयटीतील शुगुआंग झांग यांना यीस्टच्या एका प्रथिनात विलक्षण नियमित तुकडा आढळला. त्या वाटेने पुढे घडलेल्या ‘राडा-१६’मध्ये फक्त १६ अमिनो आम्ले आहेत: आर्जिनीन, अ‍ॅलनिन, अ‍ॅस्पार्टिक आम्ल, अ‍ॅलनिन, हाच क्रम चार वेळा. आम्लधर्मी पाण्यात त्याचे द्रावण वाहते असते. रक्ताशी गाठ पडली, आम्लता उतरली आणि क्षार मिळाले, की त्याच्या नॅनोधाग्यांचे जाळे घट्ट होते. ‘प्युरास्टॅट’ या नावाने ते एंडोस्कोपीत रक्तस्राव थांबवायला वापरतात. जेल पारदर्शक असल्याने डॉक्टरांना खालची जखम दिसत राहते.

झांग यांच्या गटाने हे धागे ध्वनिलहरींनी तोडूनही पाहिले. सुमारे दोन तासांत तुकडे पुन्हा जुळून लांब धागे झाले. इथे काम करतात ते हायड्रोजन बंध आणि विद्युतभारांचे आकर्षण. त्यांचे बळ रक्त थोपवायला पुरते, मात्र गुडघ्याच्या कूर्चेवर पडतो तसा भार पेलायला पुरत नाही. म्हणून भार सोसणाऱ्या जागांसाठी संशोधक एकाच जेलमध्ये कायमचे आणि सुटणारे असे दोन्ही बंध विणत आहेत.