खोलीत वारा कुठून येतो?

२०२५ च्या जानेवारीत एचएमपीव्ही हा विषाणू गाजला, मे सरता सरता कोविड परतला. १९ मे रोजी देशात कोविडचे २५७ सक्रिय रुग्ण होते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तो आकडा सात हजारांच्या वर गेला. एनबी.१.८.१ या उपप्रकाराबद्दल एवढं छापून आलं आहे की त्याची उजळणी इथे करत नाही. मला त्याच दिवसांतली दुसरी बातमी जास्त महत्त्वाची वाटते. त्या वर्षीचा पाऊस २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला. मग तो दमणगंगेच्या खोऱ्यातही उतरला, आणि पाऊस उतरला की खिडक्या बंद होतात.

आपल्याकडे फ्लूचा मोठा भर पावसाळ्यात येतो. मुख्यतः थंडीत येणारा फ्लू ही युरोप-अमेरिकेची गोष्ट, किंवा फार तर काश्मीरची. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने आणि देशभरातल्या प्रयोगशाळांनी वर्षानुवर्षं तपासलेल्या नमुन्यांतून हे दिसून आलं आहे. याची कारणं एकाहून जास्त असतील, पण त्यातलं एक आपल्या हाताशी आहे: पाऊस सगळ्यांना एका छपराखाली, बंद दारांच्या आत कोंबतो.

अथालची खोली

दमणगंगेच्या खोऱ्यातल्या दादरा नगर हवेलीत, सिलवासा-नरोली रस्त्यावर अथाल हे गाव आहे. आसपास कारखाने, आणि कारखान्यांच्या आधाराने उभ्या राहिलेल्या चाळी. २०११ च्या जनगणनेत दादरा नगर हवेलीची लोकसंख्या ३,४३,७०९ होती आणि दर हजार पुरुषांमागे स्त्रिया होत्या फक्त ७७४. खानदेशातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून, ओडिशातून एकटे आलेले पुरुष या एका आकड्यात दिसतात. भाडं वाटून घ्यायचं म्हणून पाच-सहा जण एक खोली घेतात. दिवसपाळीचा उठतो, रातपाळीचा त्याच अंथरुणावर टेकतो. खोलीला पुढे एक दार, दाराशेजारी एक छोटी खिडकी, तीही बोळात उघडणारी. मागची भिंत पलीकडच्या खोलीची. पावसाळ्यात दार लोटलं की आतली हवा बाहेर जायला वाट उरत नाही.

अशा खोलीत एकाला ताप आला तर बाकीच्यांनी काय करायचं? आपण कोविड आल्यापासून एकच उत्तर ऐकत आलो: हात धुवा, सहा फूट लांब राहा. दहा बाय दहाच्या खोलीत सहा फूट कुठून आणायचे? हात धुवावेतच, लहान मुलांना छळणारा आरएसव्ही आणि साध्या सर्दीचे विषाणू हातांवरूनही पसरतात. पण फ्लू, कोविड आणि गोवर यांचा मोठा रस्ता हवेतून जातो. माणूस बोलताना, खोकताना, नुसता श्वास सोडतानाही अतिसूक्ष्म थेंब बाहेर टाकतो, आणि ते तासन् तास तरंगत राहतात. गोवराचा रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत तिथली हवा दुसऱ्याला आजारी पाडू शकते. कोविडच्या बाबतीत हे मान्य व्हायला फार वेळ लागला. जुलै २०२० मध्ये लिडिया मोरावस्का आणि डोनाल्ड मिल्टन यांच्या पुढाकाराने २३९ शास्त्रज्ञांना खुलं आवाहन करावं लागलं, तेव्हा कुठे जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका हळूहळू बदलू लागली. तोवर जगभर लोक भाजी धुण्यात आणि दाराच्या कड्या पुसण्यात दमून गेले होते.

बंद खोलीत उदबत्ती लावली की कोपऱ्यात बसलेल्यालाही तिचा वास येतो; श्वासाचंही तसंच आहे. या उदबत्तीने घराची परीक्षाही घेता येते. ती विझल्यावर वास किती वेळ रेंगाळतो ते पाहा. पंधरा-वीस मिनिटांत वास गेला तर हवा हलते आहे. तासाभरानंतरही तो तसाच असेल, तर आजारी माणसाचा श्वासही तितकाच वेळ तुमच्यासोबत राहणार आहे.

लिमाच्या जुन्या खिडक्या

या विषयावरचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा अभ्यास पेरू देशातल्या लिमा शहराचा आहे. रॉड एस्कोम्ब या ब्रिटिश डॉक्टरने सहकाऱ्यांसह तिथल्या आठ रुग्णालयांतल्या ७० खोल्या तपासल्या आणि २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पद्धत साधी होती. खोली बंद करायची, आत कार्बन डायऑक्साइड सोडायचा, पंख्याने तो सगळीकडे पसरवायचा आणि मग खिडक्या-दारं उघडून तो किती वेगाने ओसरतो ते मोजायचं. त्यावरून खोलीतली हवा तासाला किती वेळा बदलते ते कळतं.

क्षयरोग्यांसाठी मुद्दाम यंत्रं बसवून बांधलेल्या आधुनिक खोल्यांत हवा तासाला १२ वेळा बदलण्याची सोय होती. नुसत्या खिडक्या-दारं उघडलेल्या खोल्यांत ती साधारण २८ वेळा बदलली. त्यातही १९५० पूर्वीच्या, उंच छताच्या आणि मोठ्या खिडक्यांच्या जुन्या दालनांत ४० वेळा. नव्या, बुटक्या खोल्यांत १७ वेळा. वारा अगदी मंद असतानाही उघड्या खिडकीने यंत्राला मागे टाकलं. मग त्यांनी गणित मांडलं: उपचार न झालेल्या क्षयरोग्यांसोबत चोवीस तास काढले तर किती जणांना संसर्ग होईल? यंत्राच्या खोलीत ३९ टक्के, नव्या खोल्यांत ३३ टक्के, जुन्या दालनांत ११ टक्के.

हे आकडे क्षयाचे आहेत आणि क्षय विषाणूमुळे होत नाही. पण हवेतून येणाऱ्या रोगाला विरळ करण्याचा नियम एकच असतो. एस्कोम्बच्या अभ्यासाने गरिबाच्या हातात असलेलं साधन मोजून दाखवलं, म्हणून मला तो मोठा वाटतो. त्यासाठी वीज लागत नाही. लागते ती खिडकी, आणि तिच्या समोरच्या बाजूला दुसरं भोक.

मुंबईला हे माहीत होतं

आपल्याकडे हे शहाणपण शंभर वर्षांपूर्वी आलं होतं. प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी चाळींतल्या उजेड आणि हवेचा ध्यासच घेतला होता. ट्रस्टचा साडेत्रेसष्ट अंशांचा नियम प्रसिद्ध आहे. सोप्या भाषेत सांगायचं तर समोरच्या इमारतीची जेवढी उंची, तिच्या निम्मी तरी मोकळी जागा खिडकीपुढे हवी. ट्रस्टने आखलेल्या दादर-माटुंग्याच्या वसाहतींतून फिरताना आजही दोन इमारतींमध्ये आकाश दिसतं, ते या विचारामुळे.

पण हा नियम सगळ्यांपर्यंत पोहोचला नाही, आणि त्याची किंमत १९१८ मध्ये दिसली. १० जूनला मुंबईच्या गोदीवरचे सात पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले. तीच पुढे मानमोडी म्हणून घराघरात आठवली जाणारी इन्फ्लुएंझाची साथ. सप्टेंबरमध्ये ती दुसऱ्यांदा उसळली आणि ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबईत ७६८ माणसं गेली. सरकारी नोंदींत जातवार मृत्युदर आहेत. युरोपियनांत हजारी ८.३. ज्यांना त्या नोंदींनी ‘खालच्या जातीचे’ म्हटलं, त्यांच्यात हजारी ६१.६. विषाणू एकच होता. फरक होता अन्नाचा, शुश्रूषेचा आणि खोलीचा.

कायदा यंत्रापाशी थांबतो

आता आजचा हिशेब. २०२५ पर्यंत लागू असलेला १९४८ चा कारखाना कायदा प्रत्येक कामगारामागे कामाच्या जागेत किमान १४.२ घनमीटर हवा राखायला सांगत होता. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच खोलीचं घनफळ होतं सुमारे २८ घनमीटर. म्हणजे कारखान्याच्या मापाने ती दोन माणसांची खोली झाली. त्याच कारखान्यातून सुटलेला कामगार तेवढ्याच खोलीत पाच जणांसोबत झोपतो. यंत्रासमोर तो आठ-बारा तास असतो तोवर कायदा त्याची हवा मोजतो. झोपायला गेल्यावर ती कुणीच मोजत नाही.

७ मार्च २०२५ रोजी सिलवासात ४५० खाटांच्या नमो रुग्णालयाचं उद्घाटन झालं. त्याची गरज होतीच. पण खाटेची वेळ आजार बळावल्यावर येते. तेवढ्याच तळमळीने प्रशासनाने आणि पंचायतींनी चाळींच्या मागच्या भिंतींकडे पाहावं अशी माझी मागणी आहे. नवी चाळ बांधताना पाठीला पाठ लावून खोल्या काढू देऊ नयेत. जुन्या खोल्यांना छपराखाली सिमेंटची जाळी बसवून घ्यावी, बाहेरून छज्जा द्यावा, म्हणजे पाऊस आत न येता वारा येईल. मालकाला हा खर्च जड नाही.

इथल्या वारल्यांच्या कुडाच्या घरात कारवीच्या भिंतीतून आणि छपराखालून हवा खेळते. पण त्याच घरात चुलीचा धूर असतो, आणि धुराने लहान मुलांची छाती अधू होते. म्हणून जुनं ते सोनं असं मी म्हणणार नाही. पक्कं घर हवंच. पक्क्या घराला झरोका हवा.

घरात आज काय करायचं

आजारी माणसाचं अंथरूण खिडकीपाशी घ्या. टेबल फॅन खिडकीकडे तोंड करून ठेवा, म्हणजे तो हवा बाहेर फेकेल. छताचा पंखा आतलीच हवा ढवळतो आणि स्प्लिट एसीही तीच हवा थंड करून परत देतो. पाऊस तिरका असेल तर ज्या बाजूने सडा येत नाही ती खिडकी आणि समोरचं दार उघडं ठेवा. डासांसाठी जाळी लावा. डासांच्या भीतीने खिडकी बंद करणं हा तोट्याचा सौदा आहे. एकाच खोलीत झोपावं लागत असेल तर डोकी उलटसुलट दिशांना करा. आजाऱ्याने मास्क लावावा. दवाखान्याच्या गर्दीत आणि काचा चढवलेल्या गाडीत बाकीच्यांनी एन-९५ लावावा.

लस टाळू नका. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते आणि आपल्याकडे तिची योग्य वेळ पावसाळ्याआधीची. राहून गेली तर नंतरही घेता येते. साठीपुढची माणसं, गरोदर बाया, मधुमेही, दमेकरी यांनी ती डॉक्टरांना विचारून घ्यावीच. सहा महिन्यांपुढच्या बाळालाही देता येते. मुलांचे गोवर-रुबेलाचे नऊ महिन्यांचे आणि सोळा ते चोवीस महिन्यांमधले दोन्ही डोस पुरे झालेत का ते कार्डावर पाहा. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीच्या वस्त्यांत गोवराने मुलं नेली, ती दाटीवाटीत राहणारी आणि बरीचशी डोस चुकलेली होती.

विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. दुकानदाराने दिलं म्हणून घेऊ नका. तान्ह्याला गरम पाण्याच्या पातेल्याजवळ वाफ देऊ नका, भाजण्याचा धोका असतो.

आणि मुलाचा श्वास मोजायला शिका. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने हे खेड्यातल्या माणसांना शिकवलं. जेमतेम मोजता येणाऱ्या आरोग्यदूतांसाठी मण्यांचं साधन केलं. त्यांनी न्यूमोनिया ओळखून औषध दिलं त्या गावांत न्यूमोनियाने जाणाऱ्या पाच वर्षांखालच्या मुलांचं प्रमाण हजारी ८.१ होतं, तुलनेच्या गावांत १७.५, १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ने ते प्रसिद्ध केलं. मूल शांत किंवा झोपलेलं असताना पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांखालच्या बाळाचे ६० किंवा जास्त, वर्षाखालच्याचे ५० किंवा जास्त, पाच वर्षांखालच्याचे ४० किंवा जास्त श्वास झाले, किंवा श्वास घेताना पोट उडत असेल, छाती खाली आत ओढली जात असेल, बाळ दूध ओढत नसेल, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.

तापाचे पहिले दोन दिवस

एक गोष्ट मात्र कुटुंबाच्या हातात नाही. फ्लूचा माणूस सर्वांत जास्त विषाणू पसरवतो तो पहिल्या तीन-चार दिवसांत. राज्य कामगार विमा योजनेत आजारपणात मजुरीच्या ७० टक्के भत्ता मिळतो, पण सर्वसाधारणपणे पहिले दोन दिवस सोडून. रोजंदारीवरच्या कंत्राटी कामगाराला तर हजेरी बुडली की दिवसच बुडाला. म्हणून तो गोळी खाऊन, अंगात ताप घेऊन यंत्रावर उभा राहतो, आणि पाळी संपल्यावर तोच ताप खोलीत घेऊन येतो. वर्षाला चार-पाच दिवसांची भरपगारी आजारपणाची रजा कंत्राटी कामगारालाही मिळाली, तर अथालसारख्या गावात ती कुठल्याही सॅनिटायझरपेक्षा जास्त आजार रोखेल. कारखान्याचाही त्यात फायदा आहे: एक माणूस दोन दिवस घरी राहिला तर पूर्ण पाळी आजारी पडायची वाचते.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर भाड्याची खोली बघायला जाल तेव्हा पाणी किती वेळ येतं, मीटर वेगळं आहे का, हे विचारताच. त्यासोबत मागच्या भिंतीला हवेची वाट कुठे आहे तेही विचारा, आणि नसेल तर जाळी बसवून दिल्याशिवाय डिपॉझिट देऊ नका.