‘लिटल हाऊस ऑन द प्रेरी’मधलं ते घर नेमकं कुणाच्या जमिनीवर होतं?

कापडी छताची घोडागाडी, क्षितिजापर्यंत पसरलेलं गवत, ओंडके रचून घर बांधणारा बाप आणि उघड्यावर चूल पेटवणारी आई. अमेरिकेत नव्या मुलखात शेती करायला गेलेल्या कुटुंबांचं हे चित्र जगभर पोचवलं लॉरा इंगल्स वाइल्डर यांनी. त्यांचं ‘लिटल हाऊस ऑन द प्रेरी’ हे पुस्तक १९३५ साली आलं. पुढे १९७४ मध्ये त्यावरून टीव्ही मालिका सुरू झाली आणि ती नऊ सीझन चालली.

पुस्तक मुलांसाठी लिहिलेलं, पण आधार मात्र घरच्या आठवणींचा. आता विषय असा आहे की, या आठवणी सरकारी कागदांशेजारी ठेवल्या की काही गोष्टी तंतोतंत जुळतात आणि काही अजिबात जुळत नाहीत.

लॉराचा जन्म फेब्रुवारी १८६७ चा. कुटुंब कॅन्ससला पोचलं १८६९ मध्ये आणि तिथून निघालं १८७१ मध्ये. म्हणजे तिथल्या काळात ती दोन ते चार वर्षांची. इतक्या लहान मुलीला काय आठवणार? तिने लिहिलं ते मुख्यतः आईवडिलांकडून आणि मोठ्या बहिणीकडून ऐकलेलं. त्यावर पत्रकार असलेल्या मुलीचा, रोज वाइल्डर लेनचा, संपादकीय हात फिरला. पुस्तकात धाकटी बहीण कॅरी गाडीतून सोबतच येते. प्रत्यक्षात तिचा जन्म ऑगस्ट १८७० मध्ये कॅन्ससमध्येच झाला. पुस्तकातलं घर इंडिपेन्डन्स गावापासून ४० मैलांवर आहे, खरी जागा सुमारे १३ मैलांवर होती.

या झाल्या किरकोळ गोष्टी. मोठा घोळ जमिनीचा आहे.

१८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर सरकारी जमीन मिळायची. पाच वर्षं तिथे राहायचं, जमीन कसायची, थोडी फी भरायची. इंगल्स कुटुंब याच कायद्याखाली कॅन्ससला गेलं असं पुष्कळांना वाटतं. पण ती जमीन सरकारी नव्हतीच. ती ओसेज या मूळनिवासी लोकांची राखीव जमीन होती. १८७० च्या जनगणनेत इंगल्स कुटुंबाची नोंद आहे आणि ही जमीन ओसेजांची असल्याचा शेराही त्याच कागदांत आहे.

मग लोक तिथे गेले कसे? सरकार आज ना उद्या ओसेजांना हलवणार आणि जागेवर असलेल्याला जमीन मिळणार, हा हिशोब होता. आधी बसायचं, मग नियमित करून घ्यायचं. मराठी वाचकाला हे गणित वेगळं समजवायला नको.

हिशोब बरोबरही निघाला. जुलै १८७० च्या कायद्याने ओसेजांनी कॅन्सस सोडायचं ठरलं आणि तिथे बसलेल्यांना सव्वा डॉलर एकराने जमीन विकत घ्यायची सोय झाली. पुस्तक मात्र उलटं सांगतं: सरकार सैन्य पाठवून वसाहतकऱ्यांनाच हाकलणार, म्हणून बाप चिडून गाडी जुंपतो. खरं कारण पुष्कळच साधं होतं. विस्कॉन्सिनमधलं त्यांचं घर ज्याने विकत घेतलं होतं, त्याला पैसे फेडता आले नाहीत. म्हणून कुटुंब परत गेलं.

म्हणून सगळ्या आठवणी खोट्या असं अजिबात नाही. घरातले सगळे हिवतापाने पडले असताना त्यांना वाचवणारा कृष्णवर्णीय डॉक्टर पुस्तकात आहे. जॉर्ज टॅन हा माणूस खरा होता आणि त्याच भागात डॉक्टरकी करत होता. पुढे मिनेसोटात टोळांनी त्यांचं पीक फस्त केल्याचं लॉरा सांगते, तेही १८७० च्या दशकातल्या नोंदींशी जुळतं. २०२० मध्ये विदर्भात टोळधाड पाहिलेल्यांना ते वर्णन परकं वाटणार नाही.

स्वतःच्या घरावर जे कोसळलं ते नीट लक्षात राहिलं. पण तिथेही काही गाळलंय. १८७६ मध्ये लॉराचा भाऊ नऊ महिन्यांचा असताना गेला. या पुस्तकमालिकेत त्याचा उल्लेखच नाही. प्रौढांसाठी लिहिलेल्या ‘पायोनियर गर्ल’ या आत्मकथनात तो येतो. त्याचं हस्तलिखित १९३० चं, छापलं गेलं २०१४ मध्ये.

ओसेजांबद्दलची आठवण सगळ्यात धूसर. एका प्रमुखाने वसाहतकऱ्यांवरचा हल्ला टाळला, असा प्रसंग पुस्तकात आहे. लॉराला त्याचं नाव आठवेना, म्हणून तिने पत्रं लिहून चौकशी केली. जे नाव मिळालं ते बहुधा कितीतरी आधीच्या पिढीतल्या माणसाचं होतं! पहिल्या आवृत्तीत तर या मुलखात माणसंच नव्हती, फक्त इंडियन होते, अशा अर्थाचं वाक्य होतं. एका वाचकाने तक्रार केल्यावर लॉराने चूक मान्य केली आणि १९५३ च्या आवृत्तीत ‘माणसं’च्या जागी ‘वसाहतकरी’ आलं. छपाईनंतर तब्बल १८ वर्षांनी.

ओसेज तिथून आजच्या ओक्लाहोमात गेले. तिथली सुमारे १५ लाख एकर जमीन त्यांनी कॅन्ससच्या जमिनीच्या पैशातून विकत घेतली. पुढे तिथे तेल सापडलं आणि त्या पैशासाठी त्यांचे खून पाडले गेले. ‘किलर्स ऑफ द फ्लॉवर मून’ हा सिनेमा त्यावरच आहे.

कॅन्सस सोडल्याच्या आठवणी ओसेज घरांतही होत्याच. जॉन जोसेफ मॅथ्यूज या ओसेज लेखकाने आपल्या जमातीच्या म्हाताऱ्यांकडून त्यांचा तोंडी इतिहास गोळा केला आणि १९६१ मध्ये तो पुस्तकरूपात आणला. त्याच्याच पुढाकाराने ओक्लाहोमातल्या पॉहस्का गावात ओसेजांचं स्वतःचं संग्रहालय १९३८ मध्ये उघडलं. ते आजही चालू आहे.